डावा खांदा

१० जुलै

मामा,

अकॅडमीत पोचले. वेणी गेली, डोकं शाबूत आहे. आत काय उरलंय ते आठवड्याभरात कळेल. फोन कुलपात गेले, पत्राला मात्र रविवारी दुपारी परवानगी आहे. माझं कोंबडीचं अक्षर तुलाच गोड मानून घ्यावं लागेल, कारण ते माझ्याकडे तुझ्याकडूनच आलंय.

पहिल्याच सकाळी मी एका रुबाबदार गृहस्थांना कडक सॅल्यूट ठोकला. अंगावर पितळी बटणं, खांद्यावर सोनेरी झालर, चालणं तर असं की रस्त्यानंच बाजूला व्हावं. ते थबकले, मागेपुढे बघितलं आणि हळूच म्हणाले, "बाई, मी बँडमध्ये ढोल वाजवतो." मी ओशाळून वळले तर समोर चुरगळलेल्या साध्या कपड्यांतला एक माणूस. त्याला विचारलं, "काका, जेवणघर कुठल्या बाजूला?" काकांनी बोट दाखवलं, वर "भूक लागलीय का?" असंही विचारलं. काका कर्नल होते. जेवणघर सापडलं, जेवण त्या दिवशी मिळालं नाही.

कवायत शिकवायला एक सार्जंट आहेत. आम्ही पुढे अधिकारी होणार, म्हणून त्यांनी आम्हाला आजपासूनच 'मॅडम' म्हणायचं, हा इथला रिवाज. पुढचं-मागचं काय बोलायचं त्यावर बंधन नाही. "मॅडम, आपण सॅल्यूट करताय की माशी हाकलताय, मॅडम?" माझा सॅल्यूट बघून तर त्यांनी डोळेच मिटून घेतले. आता मला मैदानाच्या कडेच्या झाडासमोर उभं केलंय. रोज संध्याकाळी त्याला सॅल्यूट करायचा. झाडाला आम्ही 'जनरलसाहेब' म्हणतो. एवढ्या दिवसांत मला न ओरडलेले तेवढेच एक वरिष्ठ.

आता मुद्द्याचं. डिसेंबरात प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी संचलन होतं आणि मग घरचे लोक मैदानात येऊन आमच्या खांद्यांवर तारे लावतात. एका खांद्यावर एकानं, दुसऱ्यावर दुसऱ्यानं. तारा लागला की अधिकारी. उजवा खांदा आईचा. डावा बाबांचा असता. बाबा गेले तेव्हापासून जे जे त्यांचं असायचं ते ते तूच करत आलास. सायकल धरून पळालास, शाळेत भांडायला गेलास. म्हणून डावा खांदा तुझा.

तू आयुष्यभर गावोगाव व्याख्यानं दिलीस की माणसानं माणसापुढे ताठ राहावं, हुद्द्याबिद्द्याला भीक घालू नये. मला सगळं पाठ आहे. तरी विचारते. येशील?

तुझी ठमी


२१ जुलै

चि. ठमीस,

रागावलेल्या मामाचेही आशीर्वाद चालतात असं गृहीत धरून ते पाठवतो.

नाही. येणार नाही. कारण ऐक, आणि मधे बोलू नकोस. पत्रात तुला बोलता येत नाही, हा या माध्यमाचा मोठाच गुण आहे.

चार पायांवरून दोन पायांवर यायला माणसाच्या कण्याला लाखो वर्षं लागली. ती मेहनत काय एका पितळी बटणापुढे खिळून उभं राहण्यासाठी होती? ज्याच्या खांद्यावर दोन तारे त्यानं तीनवाल्याला सलाम ठोकायचा, तीनवाल्यानं आणखी वरच्याला. ही माणसांची उतरंड आहे, ठमे! मडक्यांची असती तर समजलो असतो. मडक्यांना मत नसतं. इतिहास उघडून बघ. सगळ्या अन्यायाची सुरुवात 'साहेब आले, उभे राहा' इथूनच झालेली आहे.

(इथे ताईनं खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, "सभा भरलीय का रे? पत्र लिहितोयस ना?" तुझ्या आईला वक्तृत्वाची कदर कधीच नव्हती.)

तू सैन्यात गेलीस, मी अडवलं नाही. देशाचं रक्षण करायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती रक्षण करताना टाचा जुळवण्याला. मी त्या मांडवात येऊन बसलो तर माझ्या पंचवीस-तीस वर्षांच्या भाषणांना कोण विचारील? लोक म्हणतील, भाची साहेब झाली आणि मामा विरघळला.

एक सल्ला मात्र देतो, पदरात बांधून ठेव. सॅल्यूट हुद्द्याला करू नकोस. ज्याच्याबद्दल मनातून आदर वाटेल, त्यालाच कर. बाकीच्यांसमोर हात खिशात.

तुझा न विरघळणारा मामा

ता. क. जेवण मिळालं नाही म्हणजे त्या दिवसाचं, की अजूनही नाही? लगेच कळव.


१४ ऑगस्ट

मामा,

जेवण मिळतं. तुझा सल्ला मात्र मला पचला नाही.

त्याचं असं झालं. भटारखान्यात एक आचारी आहेत. मैदानावरून आम्ही मेलेल्या चेहऱ्यानं आलो की तेच एकटे आमच्याकडे माणसासारखे बघतात आणि वाढताना डाव उलटा करून ठोकतात, म्हणजे तळाचं घट्ट आपल्या ताटात पडतं. तुझं पत्र वाचून माझ्या अंगात वारं शिरलेलं. ते दारात उभे होते, मनातून आदर दाटून आला आणि मी टाचा जुळवून सणसणीत सॅल्यूट केला. आयुष्यातला पहिला बरा सॅल्यूट!

नेमके त्याच क्षणी माझ्या आणि त्यांच्या मधून एक कॅप्टन चालले होते. त्यांना वाटलं त्यांनाच केला. त्यांनी झोकात उत्तर दिलं, वर "शाब्बास, चांगला आहे" म्हणाले.

कुणीही शहाणी मुलगी गप्प बसली असती. पण मी तुझी भाची.

"सर, तो तुम्हाला नव्हता, सर."

"मग कुणाला होता?"

"आचाऱ्यांना, सर. मनातून आदर वाटेल त्यालाच करायचा असतो, सर."

"हे कुणी शिकवलं?"

"मामानं, सर."

"मामांचा हुद्दा?"

"व्याख्याते, सर."

मागे आचारी डाव सोडून आत पळाले. पुढे काय झालं ते सांगत नाही, तुझं मन कोवळं आहे. एवढंच सांगते, अख्ख्या तुकडीला माझ्यासोबत जनरलसाहेबांना सॅल्यूट करत उभं राहावं लागलं. आता मुली मला 'व्याख्याते' म्हणतात. सार्जंट तर म्हणाले, "मॅडम, आपल्या मामांना इथे पाठवा, मॅडम. आणखी एक झाड मोकळं आहे."

पण दोन गोष्टी सांगायच्या आहेत, भाषण न ठोकता ऐक. एक म्हणजे, इथे वाकलं तर शिक्षा आहे. मान खाली गेली, नजर पायाकडे गेली की सार्जंट किंचाळतात. समोरच्याच्या थेट डोळ्यांत बघायचं. तू ज्या कण्यासाठी कंठशोष करतोस, त्याच कण्यासाठी हे लोक माझा जीव घेतायत.

दुसरी म्हणजे, सॅल्यूट फुकट जात नाही. कुणीही केला की वरच्याला त्याचं उत्तर द्यावंच लागतं. न देणं म्हणजे त्याचा उद्धटपणा. आमचे कमांडंट ऑफिसातून घरी पायी जातात. वाटेत निम्मी अकॅडमी भेटते आणि ते प्रत्येकाला उत्तर देत चालतात. त्यांना उजव्या हातात पिशवी धरता येत नाही, की छत्री. परवा डाव्या हातात भाजीची पिशवी, डाव्याच काखेत वर्तमानपत्र आणि उजवा सारखा वरखाली. मोठं होणं म्हणजे उजवा हात कायमचा मोकळा ठेवणं, एवढंच मला त्यातून कळलं. यात तुला उतरंड दिसत असेल तर दिसो. मला तर ते बिचारेच दिसले.

सॅल्यूटची परीक्षा मात्र मी नापास झाले. ती पास झाल्याशिवाय बाहेर सोडत नाहीत. सगळ्या जणी गावात गेल्यात आणि मी तुला पत्र लिहितेय.

डाव्या खांद्याचं काय?

व्याख्याते


३ सप्टेंबर

चि. ठमे,

आचाऱ्यांना माझा सप्रेम नमस्कार सांग. तुला झालेल्या शिक्षेचा मी जाहीर निषेध करतो. निदान स्वयंपाकघरात तो जाहीर केला. ताई म्हणाली, "शिक्षा तुला व्हायला हवी होती."

तुझ्या त्या कमांडंटांनी मला झोपू दिलं नाही. मी विचार केला, उत्तर देणं एवढं काय कठीण? भेटेल त्याला आपणही देऊन बघू. घरापासून ग्रंथालय म्हणजे चार पावलं. एरवी मी डोक्यात भाषण घोळवत, कुणाकडे न बघता तरातरा जातो. त्या दिवशी प्रत्येकाच्या नमस्काराला थांबून, डोळ्यांत बघून उत्तर दिलं. चांभार बिचकला. दूधवाल्यानं विचारलं, "काही हवंय का?" शेजारच्या काकूंनी ताईला फोन केला की तुझा भाऊ आज फारच प्रेमानं बोलला, तब्येत वगैरे ठीक आहे ना. मी ग्रंथालयात पोचलो तेव्हा ते बंद होत होतं.

यापेक्षा वाईट पुढे आहे. आमच्या व्याख्यानमंडळाचा वार्षिक समारंभ झाला. विषय माझा आवडता, 'माणसाची समानता'. व्यासपीठावर गेलो तर मधल्या खुर्चीवर साखर कारखान्याचे कुणी संचालक, त्यांच्या शेजारी त्यांचे कुणी मित्र आणि मी, मंडळाचा अध्यक्ष, कडेला, फुलदाणीच्या मागे! मी चिटणिसांना बाजूला घेतलं. तावातावानं सांगितलं की अध्यक्षाची खुर्ची मध्यभागी असते, हा संकेत आहे, हा खुर्चीचा नव्हे, पदाचा मान आहे. आणि हे सगळं, ठमे, ध्वनिक्षेपक चालू असताना. पहिल्या रांगेतून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांनी ऐकलं. त्यानंतर मी समानतेवर तासभर बोललो. टाळ्या भरपूर पडल्या, पण हसण्याच्या पडल्या.

घरी आल्यावर ताईनं फक्त विचारलं, "तुझ्या खांद्यावर किती तारे रे?"

तरीसुद्धा येणार नाही. माणसाची फजिती झाली म्हणून तत्त्वाची होत नाही. तुमच्याकडे पाहुणे आले की सगळा मांडव उभा राहतो, हे मी चौकशी करून घेतलंय. मी कुणासाठी उठत नाही. मंत्री आले तेव्हा उठलो नाही, कलेक्टर आले तेव्हा नाही. ताई म्हणते, जेवायला हाक मारली तरी उठत नाहीस. तो भाग वेगळा.

सॅल्यूट नापास झालीस हे वाचून आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मनगट सरळ ठेव म्हणे, कोपर खाली पडतं बहुतेकांचं. मी ग्रंथालयात एका पुस्तकात पाहिलं. सहज हाती लागलं होतं.

मामा


३० ऑक्टोबर

मामा,

पास झाले! सार्जंट म्हणाले, "मॅडम, आज माशी मेली, मॅडम." इथे याला कौतुक म्हणतात. कोपरच पडत होतं. त्या सहज हाती लागलेल्या पुस्तकाचे आभार.

आता हसायचं बंद करते. तारे लावणाऱ्यांची नावं कळवायची होती. मी आईचं आणि तुझं दिलं. तू नाही म्हणालास तरी दिलं. सोबत पाहुण्यांसाठीच्या सूचनांचा कागद पाठवतेय. कुठे बसायचं, कधी उभं राहायचं, सगळं त्यात आहे. तू चिडशील, लाल पेन घेऊन दुरुस्त्या करशील, कर.

ज्यांचं कुणी येत नाही त्यांच्या खांद्यावर इथलाच एखादा अधिकारी तारा लावतो. तसाही रिवाज आहे आणि फार मायेनं करतात. माझ्या खोलीतल्या मुलीला कुणीच नाही. तिचे दोन्ही तारे तेच लावणार. ती म्हणते, "मला वाईट नाही वाटत गं, मला माणूसच नाहीये." मला मात्र वाटेल. कारण माझा माणूस आहे, धडधाकट आहे आणि घरी तत्त्व मांडीवर घेऊन बसलाय.

तू म्हणतोस हुद्द्यापुढे उभं राहायचं नाही. बरं. माझ्या शेजारी तरी उभा राहा.

ठमी


१० नोव्हेंबर

चि. ठमे,

येतो.

बसेन. पण उठणार नाही. तारा लावायची वेळ येईल तेव्हा चालत येईन, ते उठणं माझं स्वतःचं असेल. त्याआधी कोण पाहुणा येतो, कोण जातो, त्याच्याशी माझा संबंध नाही. हे आधीच लेखी कळवतो, म्हणजे मागाहून तक्रार नको.

सूचनांच्या कागदात शुद्धलेखनाच्या चुका आहेत. केल्यात दुरुस्त.

ताईनं माझ्यासाठी नवा शर्ट आणलाय. मी जुनाच घालणार होतो. नवा घालून बघितला. बरा आहे.

मामा


१६ डिसेंबर

मामा,

तुम्ही दोघं संध्याकाळच्या गाडीनं निघून गेलात, आणि मला तुझ्याशी धड बोलताही आलं नाही. म्हणून हे.

संचलनात उजवीकडे नजर वळवायचा हुकूम असतो. मी वळवली. मान्यवरांच्या मागे, तिसऱ्या रांगेत आई दिसली. आईच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

मामा, त्या एका नजरेत मला काय काय वाटलं सांगू? वाटलं, गेला. पाहुणे आले, सगळे उठले, याला सहन झालं नाही आणि हा सभात्याग करून निघून गेला. राग इतका आला की माझा पाय जमिनीवर जोरात आपटला. सार्जंट नंतर म्हणाले, आजवरची सर्वोत्तम पावलं. आणि खोटं कशाला बोलू, रागाच्या खाली थोडा अभिमानही होता. म्हटलं, बोलला तसा वागला. मग लगेच वाटलं, चुलीत गेला तो अभिमान.

मग आम्ही मैदानात उभ्या राहिलो. आई आली, उजवा तारा लागला. डाव्या बाजूला कुणी नाही. आईला विचारलं, तर ओठ मुडपून म्हणाली, "येईल, येईल." तेच कॅप्टन, आचारीवाले, माझ्याकडे निघालेले दिसले, हातात माझा तारा घेऊन. आणि त्यांच्या मागून तू धावत आलास! नव्या शर्टाची एक बाही वर दुमडलेली, दंडावर पट्ट्याचा वळ, एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा. तू त्यांच्या हातातून तारा जवळजवळ हिसकावलास. मी विचारलं, "कुठे होतास?" तू हात हलवलास, धापा टाकल्यास, आणि एवढंच म्हणालास, "गर्दी."

गर्दी नव्हती, मामा. मोकळं मैदान होतं.

आईला विचारलं तर म्हणाली, "मला नको विचारू, त्यालाच विचार," आणि हसतच सुटली. तू सभात्याग केला होतास का? केला असशील तर परत का आलास? खरं सांग. आता मी अधिकारी आहे, हुकूम समज.

ठमी


२४ डिसेंबर

ठमे,

हुकूम मी कुणाचा मानत नाही. विनंती समजून सांगतो. हे पत्र वाचून झाल्यावर फाडून टाक. मंडळात मी वेगळंच सांगितलेलं आहे.

पाहुणे आले. वाद्यं वाजली. सगळा मांडव उभा राहिला आणि मी बसून राहिलो. हात छातीशी बांधले, नजर समोर. ठमे, तो माझ्या आयुष्यातला केवढा ऐतिहासिक क्षण व्हायचा होता! मी वाट बघत होतो की कुणीतरी येईल, दरडावून म्हणेल "उठा", आणि मग मी बोलेन. वाक्यं तयार होती.

एक तरुण अधिकारी आला. दरडावणं सोडाच, तो माझ्यापाशी गुडघ्यावर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, त्रास होतोय का? उभं राहवत नाहीये का?"

माझी वाक्यं दरडावणाऱ्यासाठी होती. मी म्हणालो, "मी बसलोय ते विचारपूर्वक." त्यानं ताईकडे पाहिलं. आणि तुझी आई, माझी सख्खी बहीण, शांतपणे म्हणाली, "हो हो. त्रास आहे त्याला. लहानपणापासूनच."

पुढच्या क्षणी मी स्ट्रेचरवर होतो.

वैद्यकीय तंबूत एक डॉक्टरबाई होत्या. त्यांनी बूट काढायला लावले, बाही दुमडली, रक्तदाबाचा पट्टा आवळला. मी सांगू लागलो की ही व्याधी नसून भूमिका आहे, माणसानं माणसापुढे उठणं ही गुलामीची पहिली पायरी आहे, इतिहास साक्षी आहे. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग परिचारकाला म्हणाल्या, "लिहून घ्या. असंबद्ध बोलतायत."

आयुष्यभराच्या माझ्या विचारांची, ठमे, दोन शब्दांत नोंद झाली.

तेवढ्यात बाहेर वाद्यं थांबली आणि भोंग्यावरून सांगितलं की पालकांनी मैदानात यावं. मी म्हटलं, मला जायचंय. बाई म्हणाल्या, "सोडते. पण उभं राहून दाखवा. पाय जुळवा, पाठ सरळ, हात बाजूला. मी रक्तदाब घेईपर्यंत हलायचं नाही. तोल गेला तर इथेच झोपायचं."

समोर खांद्यावर तीन तारे असलेली बाई. तिच्यापुढे मी. मंत्र्यापुढे न उठलेला, कलेक्टरपुढे न उठलेला, ताईच्या हाकेला न उठणारा. वादाचे मुद्दे होते माझ्याकडे, चांगले सात-आठ होते. मैदानातून नावं पुकारल्याचं ऐकू येत होतं. तुझं नाव कुठल्याही क्षणी येणार होतं.

मी उभा राहिलो. टाचा जुळवल्या. पाठ ताठ. नजर समोर. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, निवृत्त सुभेदार आहे.

बाईंनी पट्टा सोडला आणि म्हणाल्या, "कमाल आहे. आडवे होतात तेव्हा खूप वर होता. उभे राहिल्याबरोबर उतरला." मी या वैद्यकीय मताशी असहमत आहे. पण भांडायला वेळ नव्हता. एक बूट सापडला, दुसरा शोधत बसलो असतो तर त्या कॅप्टननं तुझा खांदा गाठला असता.

इकडे मंडळानं माझ्या 'धैर्यशील सभात्यागा'बद्दल अभिनंदनाचा ठराव केलाय. सूचक चिटणीस, अनुमोदक तेच साखर कारखान्याचे संचालक. सत्काराला मला मधली खुर्ची देणार आहेत. जावं की न जावं या विवंचनेत आहे. गेलो तर खोटं, न गेलो तर मधली खुर्ची जाते.

तू विचारलंस, "कुठे होतास?" तेव्हा मी तुझ्या डाव्या खांद्यापाशी येऊन उभा होतो. बाबांच्या जागी उभं राहून काय बोलायचं ते मी जुलैपासून मनात लिहीत होतो. येणार नाही असं कळवत होतो तेव्हाही लिहीत होतो. फार चांगलं लिहिलं होतं. पण धावून धावून श्वासच उरला नव्हता, तारा बसता बसेना आणि तू पुतळ्यासारखी उभी. तोंडून निघालं ते फक्त "गर्दी".

ताई म्हणते, एवढ्या वर्षांत मी केलेलं सगळ्यात चांगलं भाषण तेच.

मामा